काश्मीर प्रिन्सेसला इंजिनानं बुडवलं नाही

लॉकहीड कंपनीच्या कॉन्स्टेलेशन या जुन्या प्रवासी विमानाचा एक देखणा फोटो फिरतोय. खाली तीन दावे: हे विमान हॉवर्ड ह्यूजेसनं स्वतः डिझाइन केलं, त्याच्या तीन शेपट्या निव्वळ शोभेच्या, आणि इंजिनं पेटायची म्हणूनच एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' समुद्रात पडलं. मला तो एव्हाना चार गटांतून आलाय.

ह्यूजेसचं आधी उरकू. तो टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचा बडा भागधारक. लांब पल्ल्याचं विमान हवं म्हणून १९३९ मध्ये लॉकहीडकडे गेला, हे खरं. पण घर कसं हवं ते मालक सांगतो, नकाशा आर्किटेक्ट काढतो. इथे तो काढला हॉल हिबर्ड, केली जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

शेपट्यांचं कारण तर अगदीच घरगुती आहे. एकच उभी शेपटी ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. म्हणून तिची तीन ठिकाणी वाटणी केली. विमानाच्या अंगाचा बाकही असाच. पंखे मोठे, त्यामुळे विमान जमिनीपासून उंच. पुढच्या चाकाचा पाय फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली झुकवलं. देखणेपण वरकड मिळालं.

तिसरा दावा मात्र मला खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. राइट कंपनीचं अठरा सिलिंडरचं आर-३३५० इंजिन खरंच तापट होतं. चारांतलं एक इंजिन बंद पडणारच, म्हणून या विमानाला 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनी विमान' म्हणून चिडवायचे!

पण ११ एप्रिल १९५५ चा प्रकार वेगळा. इंडोनेशियात भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला निघालेली मंडळी घेऊन विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे चाललं होतं. सुमारे १८,००० फुटांवर स्फोट झाला. उजव्या पंखात, तीन नंबरच्या इंजिनामागे आग दिसली, तेव्हा कॅप्टन जटारांनी ते इंजिन बंद केलं. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच असावं. धूर कॉकपिटपर्यंत आला, रेडिओ बंद पडण्याआधी तीनदा मदतीची हाक गेली, लाइफ जॅकेटं वाटली गेली, आणि नातुना बेटांजवळ विमान पाण्यावर आदळलं. १९ पैकी १६ जण गेले. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

समुद्रातून काढलेल्या अवशेषांत टाइमबाँबच्या डिटोनेटरचे तुकडे सापडले. बाँब ठेवला होता उजव्या चाकाच्या खोबणीत. वाचलेल्या तिघांत विमानाची देखभाल करणारे अनंत कर्णिकही होते. 'इंजिनात दोष' म्हटलं की बोट त्यांच्याकडेच वळतं. ज्याच्यावर संशय होता तो हाँगकाँग विमानतळावरचा सफाई कामगार तैवानला पळाला. त्याच्यावर खटला कधी उभा राहिलाच नाही.