पहाटेच्या पुळणीवर गाड्यांचे काय काम?

सकाळपासून डोके शांत होत नाही, म्हणून लिहितो आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर गाड्या उतरवून घिरट्या घालण्याचा जो प्रकार सुट्ट्यांच्या दिवसांत सर्रास चालतो, तो बंद झालाच पाहिजे, आणि यापुढे कोणी त्यासाठी विनंतीच्या सुरात बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंडीत आम्ही घरचे सगळे दापोलीहून आसूदच्या उताराने अंधारातच खाली येतो. आई, बायको, मुलगी आणि दोन कुत्री, म्हातारा खंड्या आणि अवखळ बुंदी. आपल्याकडे सूर्य डोंगरामागून वर येत असल्यामुळे पुळण सावलीत असतानाच लांबच्या पाण्यावर ऊन पडते आणि मग ते सावकाश किनाऱ्याकडे सरकत येते. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी बिळांभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. तिच्यावर पाय पडू नये म्हणून माझी मुलगी वाकडीतिकडी चालते. घरात चार पावले टाकताना गुडघे धरणारी आई तिथे अनवाणी, कोणाचाही हात न धरता चालते. आम्ही फारसे बोलतही नाही.

आज त्याच वाळूवर एक मोठी गाडी आली आणि मोबाइलवर चित्रीकरण व्हावे म्हणून गोल गोल फिरू लागली. खंड्याला आता ऐकू येत नाही. तो पाठमोरा उभा राहून वाळू हुंगत होता आणि त्याची साखळी आईच्या हातात होती. मुलीने धावत जाऊन दोघांना मागे खेचले, तेव्हा चाक जेमतेम दोन हातांवर होते. मी जाब विचारला, तर गाडी चालवणारा म्हणाला, "समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का?"

नाही, माझ्या बापाचा नाही. म्हणूनच तो तुमच्या गाडीचाही नाही. याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री याच कोकण किनाऱ्यावर चढते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. या कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने वेळासला संवर्धन सुरू केले, गावकरी सोबत उभे राहिले, आणि आज किनाऱ्याकिनाऱ्यावर कासवमित्र रात्री गस्त घालून घरटी शोधतात. जे घरटे त्यांच्या नजरेतून सुटले, त्याच्यावरून ही चाके जातात. चाकोऱ्यांच्या खोल चरांत अडकलेल्या पिलाला पाणी दिसतसुद्धा नाही. वरच्या अंगाला वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल चिरडली जाते, ते वेगळेच.

कुत्रीही अंडी उकरतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, म्हणून आमची दोन्ही कुत्री साखळीला असतात. पर्यटकांवर गावातली अनेक घरे चालतात, हेही मान्य. पण पर्यटक पायांनी चालू शकतो.

गाडी चालवणारा तो मुलगा विशीतला असेल. अशा पहाटे पाण्याकाठी त्याला कोणी कधी हात धरून नेले नसावे, असे घरी येताना वाटले आणि राग थोडा निवळलाही होता. मग चहा घेताना आई म्हणाली, "उद्या तुम्ही जा, मी घरीच बसते." गुडघ्यांमुळे जे कधी थांबले नव्हते, ते एका गाडीने थांबवले.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर ग्रामपंचायतीने साखळी लावावी आणि तिची किल्ली होडीवाल्यांकडे आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लावणाऱ्यांकडे द्यावी. ज्यांची तिथे लॉज आणि घरगुती खानावळी आहेत, त्या माझ्या मित्रांनी पाहुण्याला खोलीची चावी देतानाच सांगावे की गाडी सुरूच्या बनाअलीकडे राहील, आणि ज्याला ते मान्य नसेल त्याला खोली देऊ नये.