पैसे भरून लाकूडफाटा

लेकीने मेलबर्नहून बुकिंग करताना "ग्रुप टूर" एवढंच सांगितलं होतं, आणि ग्रुप टूर म्हटल्यावर आमच्या डोळ्यासमोर जे यायचं तेच आलं, म्हणजे दारात एसी बस, "काकू बॅग राहू दे, मी घेतो" म्हणणारा टूर मॅनेजर आणि दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायला. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला सकाळी सहाला जी आली ती मिनीबस, मागे ट्रेलर, आणि तिच्यातून हाफ चड्डीतला एक पोरगा उतरला. ड्रायव्हर तोच, गाईड तोच, आचारीही तोच. बॅगा मात्र आपापल्या चढवायच्या, तो शेजारी उभा राहून "गुड जॉब" म्हणत होता.

पहिलं काम काय, तर खिडकीच्या काचेवर मार्करने आपलं नाव, देश आणि स्वतःबद्दल एक खास गोष्ट लिहायची. बाकी सगळी जर्मन, डच, कोरियन तरुण पोरं, कुणी स्कायडायव्हिंग लिहिलं कुणी सर्फिंग. ह्यांनी लिहिलं, "रिटायर्ड, डायबेटिस."

अ‍ॅलिस ते उलुरू, म्हणजे आम्ही जो डोंगराएवढा खडक बघायला निघालो होतो तो, साधारण साडेचारशे किलोमीटर आणि त्यात मोठं वळण एकच. दोनशे किलोमीटर सरळ दक्षिणेला, मग अर्लडंडाला उजवीकडे, की परत सरळ. बाहेर लाल माती, वाळकं गवत, लाल माती. मध्येच समोरून रोडट्रेन येते, म्हणजे एका ट्रकला तीन-तीन ट्रेलर, पन्नास मीटरच्या वर लांबी, ती गेली की आमची बस थरथरायची आणि हे माझा हात धरायचे, लग्नात धरला त्यानंतर आत्ताच.

वाटेत उंटांच्या एका फार्मवर थांबलो. 1860 साली एका मोठ्या मोहिमेसाठी कराचीहून जहाजाने उंट आणले होते म्हणे, पुढे अजून आणले, सोबत त्यांना हाकणारी माणसंही आली. कुणी बलुची, कुणी सिंधी, कुणी पंजाबी, पण इथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणून टाकलं आणि "द घॅन" या रेल्वेचं नाव त्यावरूनच पडलं. पुढे मोटारी आल्या, उंट बेकार झाले, मोकळे सोडले, ते आता रानटी होऊन हजारोंनी फिरतायत. हे उंटाकडे बघून म्हणाले, "हा पण रिटायर्डच."

आणि माश्या! चावत नाहीत, पण डोळ्यात, नाकात, तोंडात घर शोधत फिरतात. पोरांनी तोंडावर जाळ्या घातल्या. मी ओढणी गुंडाळली, आणि दुपारपर्यंत दोन कोरियन मुली माझ्याकडून ती गुंडाळायला शिकल्या, ट्रिपमधला माझा मान तिथून वाढला.

मग उजाड माळावर बस थांबली. वाटलं चहा. कसला चहा, रात्रीच्या शेकोटीसाठी लाकडं गोळा करायची! मल्गाची सुकी खोडं इतकी कठीण की मोडता मोडत नाहीत, खाली स्पिनिफेक्सचं गवत सलवारीतून टोचतंय, आणि एवढे डॉलर मोजून मी मोळी वाहतेय. गावाकडे आजीने हे फुकट केलं आणि जन्मभर नावं ठेवली.

पुढे क्षितिजावर प्रचंड डोंगर दिसला. बसमध्ये एकच गलका, ह्यांनी फोटोंचा सपाटा लावला, फॅमिली ग्रुपवर "उलुरू दर्शन" टाकलंसुद्धा, नशीब रेंज नव्हती. तो माउंट कॉनर निघाला. गाईड गालात हसत होता, मुद्दाम गप्प बसला होता मेला.

खरा उलुरू आला तेव्हा मात्र बोलती बंद झाली, 348 मीटर उंच आणि सगळा एकच दगड. सिंहगड चढल्याच्या जोरावर हे विचारते झाले, वर जायला किती वेळ लागतो? गाईडने सांगितलं की ऑक्टोबर 2019 पासून चढणं बंद आहे, इथल्या अनांगू लोकांचं ते पवित्र स्थान. मला पटलं. देवाच्या डोक्यावर पाय देऊन सेल्फी काढायची काय गरज? शिवाय गुडघे.

रात्री शेकोटीवर कांगारूचं मटण. लेकीने फॉर्ममध्ये व्हेजिटेरियन लिहिलं होतं, त्यामुळे आम्हाला डब्यातल्या बीन्स आणि एक भाजलेला बटाटा. भांडी घासायची पाळी आपली आपली. घरी स्वतःचा कप न विसळणारा माणूस एका डच पोराबरोबर कढई घासतोय, याचा व्हिडिओ काढलाय, तो रेंज आली की नणंदेला.

झोपायला तंबू वगैरे नाहीच, स्वॅग म्हणजे कॅनव्हासच्या पिशवीत गादी, ती जमिनीवर टाकायची आणि आत शिरून चेन लावायची. बूट उलटे ठेवा, सकाळी झटकून घाला, विंचू असू शकतो, आणि उद्या साडेचारला उठायचं, असं प्रेमाने सांगून गाईड घोरायलाही लागला. ह्यांचं घड्याळ अजून भारताच्या वेळेवर, इथला फरक बरोबर चार तासांचा. शेजारच्या पिशवीतून आवाज आला, "अगं, पुण्यात आत्ता साडेपाच वाजलेत. चहाची वेळ झाली आणि हा झोपा म्हणतो!"

मी चेन वरपर्यंत ओढून घेतली.