टेक्सासचं सफाई प्रमाणपत्र: सुटका नेमकी कशातून?

“टेक्सासमध्ये जुन्या ड्रायक्लीनिंगच्या किंवा कारखान्याच्या जागेला व्हॉलंटरी क्लीनअप प्रोग्रॅमचं (दूषित जागा स्वेच्छेने साफ करण्याच्या राज्य योजनेचं) सर्टिफिकेट मिळालं असेल, तर ती डोळे मिटून विकत घ्या. जमीन शुद्ध झाली, कायद्याची कटकट कायमची मिटली, आणि घाण करणाराही सुटला.” हा सल्ला सध्या खूप फिरतोय. ह्यूस्टन-डॅलसकडे आपली माणसं अशाच दुकानगाळ्यांत आयुष्यभराची बचत घालतात, म्हणून मला हा धोकादायक वाटतो.

आधी ‘कटकट मिटली’चं बघू. १९९५ पासूनच्या या राज्य योजनेत सुटका मिळते ती सफाईबद्दल राज्यापुढे असलेल्या जबाबदारीतून, तीही प्रमाणपत्रात दाखवलेल्या भागापुरती. दूषित भूजल शेजारच्या आवारात शिरलं आणि शेजाऱ्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तर हा कागद त्याला अडवत नाही. केंद्राचं काय? सुपरफंड या दूषित जागांच्या सफाईच्या केंद्रीय कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर, राज्याच्या योजनेखाली साफ होणाऱ्या पात्र जागांवर ईपीए, म्हणजे केंद्राची पर्यावरण संस्था, सहसा हात घालू शकत नाही. पण राज्यानेच मदत मागितली, प्रदूषण राज्याच्या हद्दीबाहेर किंवा केंद्राच्या मालमत्तेत गेलं, लोकांच्या आरोग्याला गंभीर धोका उभा राहिला किंवा नवी माहिती पुढे आली, तर ईपीए मध्ये पडू शकते. शिवाय हा अडसर फक्त ईपीएला आहे. सफाईवर स्वतःचे पैसे घातलेला खासगी माणूस १९८० च्या याच सुपरफंड कायद्याखाली वसुलीचा दावा करू शकतोच.

‘जमीन शुद्ध’ हेही अर्धवट. सफाई ठरावीक वापर धरून झालेली असते. दुकानांसाठी पुरेशी मानलेली माती पाळणाघराला चालेलच असं नाही. वापर बदलून धोका वाढला, तर बदल करणाऱ्याची सुटका जाते. फसवून किंवा माहिती दडवून प्रमाणपत्र मिळवलं असेल तरीही तेच.

घाण करणारा तर सुटतच नाही. ही सवलत जबाबदार नसलेल्या अर्जदारासाठी, पुढच्या खरेदीदारासाठी आणि कर्ज देणाऱ्यासाठी आहे.

योजना वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. १००० डॉलर अर्जशुल्क आणि राज्याच्या देखरेखीचा खर्च भरून कितीतरी पडीक जागा पुन्हा वापरात येऊ शकतात. खरेदीआधी मात्र काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दस्तनोंदीतून प्रमाणपत्राची प्रत काढा. त्यातली हद्द, वापर आणि अटी वकिलाकडून वाचून घ्या. केंद्राच्या कायद्याखाली प्रामाणिक खरेदीदाराचं संरक्षण (म्हणजे आधीच्या घाणीची जबाबदारी अंगावर न येणं) हवं असेल, तर जागेची पर्यावरणीय चौकशी खरेदीच्या आधीच्या वर्षभरातलीच लागते आणि तिचे काही भाग १८० दिवसांच्या आतले असावे लागतात. विकणाऱ्याने हातात ठेवलेला जुना अहवाल तिथे चालत नाही.