भाच्याची सायकल

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, हे मला मान्य आहे. पण तीच वस्तू रोज पहाटे मला फाट्यापर्यंत तीन किलोमीटर नेणार असेल, तर थोडं कुरकुरायचा हक्क मी राखून ठेवतो. भाचा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि "मामा, डॉक्टरनं तुम्हाला व्यायाम सांगितलाय ना" म्हणत आपली गिअरची सायकल आमच्या ओसरीत उभी करून गेला. उभी म्हणजे भिंतीला टेकवून. स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. गिअर मात्र २१ आहेत. त्यातले दोन लागतात, आणि कोणते लागायचे ते सायकल ठरवते.

हँडल इतकं पुढे आणि खाली की वाकल्याशिवाय इलाज नाही. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, लोक साधे. समोरून वाकलेला मास्तर येताना दिसला की त्यांना वाटतं, सरांनी नमस्कार केला. तेही करतात. गेल्या महिन्यात ज्याच्याशी माझं शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद आहे, त्यानंही केला.

मधोमध एक पिवळी स्प्रिंग आहे. पायडल मारलं की अर्धा जोर चाकाला, अर्धा स्प्रिंगला. मी खालीवर होतो आणि सायकल विचार करते. आमची बंद पडलेली शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू झाली तर तीही मला मागे टाकेल.

"विकून टाका, नाहीतर दुरुस्त करा," बायको म्हणाली, "पण जेवताना तिचं नाव काढू नका."

विकायला काढली. एकानं हजार सांगितले, तेही उधारीत. भंगारवाल्यानं काट्यावर चढवली. भरली अठरा किलो. मला त्या दिवशी कळलं की रोज मी कुणाला कुणाच्या जोरावर नेत होतो.

मग सुधारणा. आधी टायर, कारण त्या गुटगुटीत खाचांच्या टायरांना धुऱ्यावरचे सराटे जिवाभावाने चिकटतात. जुन्या टायरवर २६ वाचलं आणि यवतमाळहून २६चेच दोन बारीक टायर आणले. मिस्त्रीनं एक रिमवर धरून पाहिला. रिंगणात पोरगं फिरावं तसा तो टायर रिमभोवती सैल फिरला.

"सर, हे नाई बसत याले."

"काहून? दोन्ही सव्वीसच तर आहेत!"

त्यानं बोटानं टायरवरचे बारीक आकडे दाखवले. जुन्यावर ५५९, नव्यावर ५९०. रिम जिथे टायर धरते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. मी वीस वर्षं पोरांना गणित शिकवतो. २६ बरोबर २६ हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

"आन् मडगार्ड?" मी विचारलं.

"लावसान तं पावसाळ्यात काळी माती भरून चाक जाम होईन. नाई लावसान तं पाठीवर नकाशा निंगन. तुमीच सांगा."

पाठीला तोंड नसतं, म्हणून मडगार्ड नको ठरलं. टायर, कॅरिअर, उंच हँडल, स्टँड, सीट आणि स्प्रिंगच्या जागी वेल्ड केलेली लोखंडी पट्टी असा हिशेब साडेतीन हजारांवर गेला. आणखी तीन हजार टाकले तर नवी काळी बावीस इंची येते. पण मग भाचा दिवाळीला येणार, आणि "मामा, माझी सायकल?" हा प्रश्न साडेतीन हजारांत मिटण्यातला नाही. दिली दुरुस्तीला.

"पाच दिवस लागतीन," मिस्त्री म्हणाला. "तोवर माही न्या."

त्याची ॲटलस. दांडीचे ब्रेक, रुंद कॅरिअर, सीटच्या कातड्याला त्याच्याच वडिलांचा आकार. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ही मात्र चालूच. मी ताठ बसलो. कॅरिअरवर डबा ठेवला, तो तिथेच राहिला. फाट्यावर पोचून स्टँड लावलं, खट् आवाज झाला आणि सायकल स्वतःच्या पायावर उभी राहिली. मी दोनदा मागे वळून पाहिलं. धुऱ्यावाल्यानं मात्र आज नमस्कार केला नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्रीनं दुकानातून हाक मारली, "सर, झाली तुमची!"

मी ॲटलसवरून न उतरताच विचारलं, "एकवीसच्या एकवीस गिअर पाहिले का?"

"एकवीस?"

"एकेक करून पाहा. घाई नाही. पेरण्या झाल्यावर दिली तरी चालेल."