चाकणची चार वर्षे

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, मराठा समाजासाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवरील चर्चेत, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असा सवाल केला. त्यावरून उठलेला वाद आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात अजून अधूनमधून डोके वर काढतो. त्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत असते: संशोधक हा विद्यार्थी आणि त्याला मिळते ती मदत.

इथे जर्मनीत, आखेनमध्ये, मी रोबोच्या हाताला स्पर्शाची जाण देण्यावर डॉक्टरेट करतो आहे, आणि अभियांत्रिकीतल्या बहुतेकांप्रमाणे विद्यापीठाचा नोकरदार आहे. सरकारी वेतनश्रेणीतल्या पगारातून कर, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता कापला जातो, आणि त्या बदल्यात प्रयोगवर्ग घेणे, उद्योगांच्या प्रकल्पांचे अहवाल लिहिणे हेही माझ्याच माथी असते.

त्याआधी चार वर्षे मी पुण्याजवळ चाकणला गाड्यांच्या सांगाड्यांवर स्पॉट वेल्डिंग करणारे रोबो चालवले. टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हालचाली शिकवण्याचा नियंत्रक, हातात धरून एकेक बिंदू शिकवायचा आणि जिग, म्हणजे सांगाडा जागेवर धरून ठेवणारी चौकट, अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी रात्रपाळीत तेच पुन्हा करायचे. आपल्याकडच्या एका संस्थेत मुलाखतीला गेलो, तेव्हा या काळाची नोंद ‘खंड’ अशी झाली. इथल्या प्राध्यापकांनी मात्र अर्धा तास त्या जिगविषयीच विचारले. माझा विषय त्यातूनच निघाला. म्युनिकजवळच्या जर्मन अवकाश केंद्रात, प्रत्येक सांध्यात बल मोजणारा जो हलका रोबो घडला, तोच पुढे औग्सबुर्गच्या कूका कंपनीने कारखान्यांसाठी बाजारात आणला. दिव्यांचा हिशेब मांडायचाच असेल, तर प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची ही वाटही त्यात धरावी लागेल.

मात्र इथले सारेच आलबेल आहे, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००७च्या कायद्याने संशोधकांना डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारांवर ठेवता येते, आणि २०२१मध्ये इथल्या संशोधकांनी या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी चित्रफितीतल्या काल्पनिक संशोधिकेचे नाव घेऊन, ‘मी हाना आहे’ म्हणत त्याविरुद्ध आवाज उठवला, तो काही उगाच नव्हे.

गेल्या सुट्टीत काकांना पगाराची चिठ्ठी दाखवली. चष्मा वर करून ते म्हणाले, “म्हणजे नोकरीच आहे की रे ही!” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “पण कायमची का?”

मी चहाचे कप उचलून आत गेलो.