ओळखीची सही मारण्याआधी

"अशिल गावाला गेलाय, तू ओळखीची सही मारून टाक, नोटरीशी बोलणं झालंय." लॉ फर्ममध्ये सिनिअरच्या गैरकारभाराची सुरुवात बहुतेक वेळा अशी साधी, घाईतली असते. प्रतिज्ञापत्रावर 'ओळख पटवणारा' म्हणून, म्हणजे सही करणारा हाच तो अशिल अशी खात्री देणारा म्हणून, ज्युनिअरचं नाव आणि सनद (वकिलीच्या परवान्याचा) क्रमांक येतो. साहेबांचं नाव त्या ओळीत कुठेच नसतं!

हे उघडकीला कसं येतं? नोटरीच्या रजिस्टरात अनुक्रमांक, तारीख आणि सही असते. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने ते रजिस्टर आणि त्या दिवशीचं अशिलाचं रेल्वे तिकीट पुढे ठेवलं की संपलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली कोर्ट चौकशी लावू शकतं. न्यायालयीन कामात खोटा पुरावा रचल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'साहेबांनी सांगितलं' हा बचाव तिथे टिकत नाही.

नकार देताना नीतीचं प्रवचन नको. मेल करा: "सर, अशिल अजून आलेले नाहीत. आले की समोर सही घेऊन ओळख देतो. हवं तर तारीख वाढवून मागण्याचा अर्ज तयार ठेवतो." पर्याय दिला की वाद घालायला जागा उरत नाही, आणि लेखी नोंद आपोआप राहते.

पैशांचा प्रकार जास्त निसरडा. खर्चासाठी घेतलेली रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाही, हे बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत स्पष्ट आहे. म्हणून 'कोर्ट खर्च' म्हणून रोख स्वतःच्या हाताने घेऊ नका. घ्यावीच लागली तर पावती फर्मच्या नावाची, आणि ती कशासाठी घेतली तेही त्यावर लिहिलेलं.

स्वतःची वही ठेवा: तारीख, वेळ, फाइल क्रमांक, सांगितलेले शब्द, हजर कोण. पण अशिलाची कागदपत्रं स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बरेच जण इथेच चुकतात. गोपनीयता भंगाची उलट तक्रार तुमच्यावरच येते.

तक्रार करायचीच तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. ती सत्यापनासह, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या निवेदनासह, सही केलेली हवी. निनावी पत्रावर भिस्त ठेवू नका. माझ्या मते ज्या अशिलाचं नुकसान झालं त्याची तक्रार जास्त वजनदार ठरते, कारण बँक खात्याचा उतारा त्याच्याकडे असतो.

लैंगिक छळाची वाट वेगळी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. 'तू रिटेनर (पगाराऐवजी ठरलेल्या फीवर काम करणारा) आहेस, कर्मचारी नाहीस' या सबबीला भुलू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थीही येतात. पगाराच्या तक्रारीत मात्र तीच रिटेनरशिप आडवी येते, हे आधीच ओळखून असा.

फर्म सोडताना राजीनामा दिला म्हणजे सुटलात असं नाही. चालू प्रकरणात वकीलपत्रावर तुमचं नाव असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीनेच ते संपतं. प्रत्येक प्रकरणात अर्ज द्या, अशिलाला आधी लेखी कळवा, आणि परवानगी झाल्याची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) आली की त्याची नक्कल काढून घरी ठेवा.