खुलासा: भंगारातलं रोटरी इंजिन ‘झिजतच नाही’ हे खरं नाही

ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘माझ्दाच्या आरएक्स-८ गाडीच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, म्हणजे झिजायला काहीच नाही. हाताने फिरलं की डोळे झाकून उचला.’

पिस्टन-व्हॉल्व्ह नसतात, एवढंच बरोबर. त्याऐवजी तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील (दाब अडवणाऱ्या पट्ट्या) असतात आणि झिजतात तेच. सील गेलेलं इंजिनही हाताने फिरतं. उलट जास्तच सहज.

इंजिनातला दाब मोजणारा साधा कॉम्प्रेशन गेजही फसवतो. त्याचा व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो, म्हणून रोटरच्या तीन बाजूंच्या तीन कप्प्यांपैकी सर्वात चांगल्याचाच आकडा दिसतो. रोटरी टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन वेगळे आकडे देतो. माझ्दाच्या मापाने २५० आरपीएमला किमान ६.९ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब हवा, आणि एकाच रोटरच्या कप्प्यांत १.५ किलोपेक्षा जास्त फरक नको.

टेस्टर नसेल तर फ्यूल बंद करा, खालचा (लीडिंग) प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारा. फुस्-फुस्-फुस् सारखं यायला हवं. एक फुसका आला तर सील गेलं समजा. हे गिअरबॉक्स सुटण्याआधीच करा, कारण स्टार्टर त्याच्याच बेलहाउसिंगवर (इंजिनाकडच्या कवचावर) बसतो. प्लगच्या भोकात कूलंट दिसलं तर आतले रबरी सील गेलेत, म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं आलं.

दुसऱ्या गाडीत बसवायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, म्हणून भंगारवाल्याकडून मूळ गाडीचे कागद घ्याच.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.